विश्लेषण : तारेविना पेसमेकर, कोणाला हवा, कोणाला नको?

कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे एकसारखे ठोके पडताना ऐकू येतात. डाव्या हाताने भांडे फिरवत ठेवायचे आणि उजव्या हाताने मठारकाम करायचे, हा तिथला शेकडो वर्षांचा उद्योग. अशा एखाद्या कारागिराच्या हृदयाचे ठोके पासष्टीत मंदावले आणि डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला, तर घरातून तीन प्रश्न हमखास येतात. बायको विचारते खर्च किती. तो स्वतः विचारतो, हातोडी धरता येईल ना. आणि मोबाइलवर व्हिडीओ पाहिलेला पुतण्या विचारतो, ‘तो कॅप्सूलसारखा, तारेविना पेसमेकर मिळतो म्हणे, तोच का नको बसवायला?’

पुतण्याचा प्रश्न चुकीचा नाही. लीडलेस पेसमेकर हे हृदयविकारशास्त्रातले गेल्या दशकातले महत्त्वाचे पाऊल आहे आणि काही रुग्णांसाठी तो खरोखर सर्वोत्तम आहे. पण ‘नवा म्हणजे सगळ्यांसाठी चांगला’ हा समज इथे महागात पडू शकतो, पैशानेही आणि प्रकृतीनेही.

आधी ‘ब्लॉक’चा घोळ

‘हृदयात ब्लॉक आहे’ हे वाक्य मराठी घरांत दोन अगदी वेगळ्या आजारांसाठी वापरले जाते. एक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत साचलेला अडथळा. त्यावर अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो. दुसरा म्हणजे ‘हार्ट ब्लॉक’, म्हणजे हृदयातील विजेच्या वाटेवरचा अडथळा. पहिला बिघाड नळाचा, दुसरा वायरिंगचा. पेसमेकर दुसऱ्यासाठी असतो.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो विजेचा सूक्ष्म झटका निर्माण करतो, आणि तो झटका ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचला की ठोका पडतो. मिनिटाला साधारण ६० ते १००, दिवसाला सुमारे १ लाख. वयानुसार हा पुंजका थकतो किंवा मधली वाट बंद पडते. मग नाडी चाळिशीत, कधी तिशीत येते. चालताना दम लागतो, भोवळ येते, काही क्षण शुद्ध हरपते. जुन्या वाड्याच्या अरुंद, खड्या लाकडी जिन्यावर अशी भोवळ आली तर हृदयाच्या आधी खुब्याचे हाड मोडते. अनेक वृद्धांच्या हृदयाचा आजार अशा पडण्यानंतरच उघडकीला येतो, कारण तोवर ‘वय झालं, चक्कर येणारच’ असे म्हणून सगळे गप्प असतात.

रक्तदाबाची किंवा ठोके नियंत्रित करणारी काही औषधे, थायरॉइडची कमतरता, रक्तातील पोटॅशियमचे बिघडलेले प्रमाण यांनीही नाडी मंदावते, आणि ते कारण दूर झाले की ती पूर्ववत होऊ शकते. त्यामुळे पेसमेकरचा निर्णय होण्यापूर्वी रुग्णाच्या गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवलेली बरी.

तार हीच अडचण

जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो बनवला होता आणि ओके सेनिंग या शल्यविशारदांनी तो बसवला. त्याचा साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली गेली होती. हे यंत्र काही तासांतच बंद पडले. रुग्ण आर्ने लार्सन मात्र पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्या काळात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले.

तेव्हापासून बॅटरी सुधारली, यंत्र लहान झाले, पण मूळ रचना तीच राहिली. कॉलरबोनखाली कातडीत एक कप्पा करायचा, त्यात काडेपेटीहून लहान यंत्र ठेवायचे आणि त्यापासून निघणारी एक किंवा दोन तारा, म्हणजे ‘लीड’, शिरेतून हृदयात नेऊन टोचायच्या. यंत्र सहसा बिघडत नाही. त्रास होतो तो या तारांमुळे आणि त्या कप्प्यामुळे.

तार हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलते, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा. कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या सांध्यात ती चिरडली जाऊ शकते. वर्षानुवर्षे खांदा आणि दंड एकाच पद्धतीने हलत राहिला तर तिचे वेष्टण झिजते किंवा ती तुटते. म्हणूनच यंत्र शक्यतो कामाच्या हाताच्या विरुद्ध बाजूला बसवतात. तांबटाचे मात्र दोन्ही हात कामाचे, एक ठोकतो आणि दुसरा फिरवतो. सुतार, लोहार, पोहणारे, गोलंदाज यांच्याबाबतही डॉक्टर हा विचार करतात. पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न नेण्याची ताकीद तर सर्वांनाच असते.

दुसरी अडचण संसर्गाची. कातडीतल्या कप्प्यात जंतू शिरले तर ते तारेवरून थेट हृदयापर्यंत जातात. मग यंत्र आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे शिरेच्या भिंतीला चिकटलेली तार ओढून काढणे हे हृदयोपचारांतील जोखमीच्या कामांपैकी एक आहे. नेदरलँड्समधील ‘फॉलोपेस’ अभ्यासात सुमारे १,५०० रुग्णांचा मागोवा घेतला गेला तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतच १२ टक्क्यांहून अधिक जणांना काही ना काही गुंतागुंत झाल्याचे दिसले. यात रक्त साकळणे, तार सरकणे असे आटोक्यात येणारे त्रासही धरलेले आहेत. तरीही आठात एक हे प्रमाण लहान नाही.

कॅप्सूल आत जाते कशी?

तारच नको, अख्खे यंत्र हृदयात ठेवा, ही कल्पना १९७० मध्येच अमेरिकेत प्राण्यांवर तपासली गेली होती. तेव्हा पुरेशी छोटी आणि टिकाऊ बॅटरी नव्हती. माणसाच्या हृदयात असे यंत्र बसायला २०१२ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या ‘नॅनोस्टिम’नंतर वर्षभरात, २०१३ च्या डिसेंबरमध्ये, ऑस्ट्रियातील लिन्झ येथे मेडट्रॉनिकचा ‘मायक्रा’ प्रथम बसवला गेला. युरोपने २०१५ मध्ये आणि अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१६ मध्ये त्याला मंजुरी दिली. अ‍ॅबट कंपनीचा ‘एव्हिर’ अमेरिकेत २०२२ मध्ये आला.

मायक्रा सुमारे २६ मिलिमीटर लांब असतो, वजन २ ग्रॅमच्या आत. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा. तो जांघेतील शिरेतून आत नेतात. त्यासाठीची नळी चांगली जाड, जवळपास ९ मिलिमीटर व्यासाची असते. ही नळी पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात आणि झडपेतून खालच्या उजव्या कप्प्यात जाते. तिथे यंत्राला असलेल्या चार लवचिक आकड्या स्नायूत अडकतात. डॉक्टर हलका ताण देऊन पाहतात. किमान दोन आकड्या नीट रुतल्या असतील तरच यंत्र सोडून दिले जाते. एव्हिरची पद्धत वेगळी, तो स्क्रूसारखा फिरवून बसवतात. छातीवर टाका नाही, फुगवटा नाही, हात वर न करण्याची अट नाही. जांघेतली शीर बंद झाली की काही तास आडवे पडून राहायचे, एवढेच.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

मायक्राच्या मुख्य चाचणीत ७२५ रुग्णांपैकी ७१९ जणांना यंत्र यशस्वीपणे बसवता आले. मोठी गुंतागुंत सुमारे ४ टक्के रुग्णांना झाली, जुन्या पेसमेकरच्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यास जवळपास निम्मी. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतील हजारो रुग्णांच्या दोन वर्षांच्या नोंदींत लीडलेस गटात पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ ३८ टक्क्यांनी आणि दीर्घकालीन गुंतागुंत ३१ टक्क्यांनी कमी आढळली.

ही झाली चांगली बाजू. पण त्याच नोंदींत मृत्युदरात फरक दिसला नाही. शिवाय ही तुलना चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची नाही. कोणाला कोणते यंत्र द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवले होते. जाहिरातीत पहिले आकडे येतात, हे दोन मुद्दे येत नाहीत.

लीडलेसची सर्वांत गंभीर जोखीम म्हणजे बसवताना हृदयाच्या भिंतीला छिद्र पडणे. हे क्वचित होते, पण झाले तर तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफडीएने डॉक्टरांना पत्र पाठवून याबाबत सावध केले. छिद्र पडण्याचे प्रमाण जुन्या पेसमेकरइतकेच दिसत असले, तरी त्याचे परिणाम लीडलेसमध्ये अधिक गंभीर असू शकतात, असा त्याचा आशय होता. वय ८५ च्या पुढे, शरीर बारीक, फुप्फुसाचा जुना आजार, आणि त्यात स्त्री रुग्ण, अशा वेळी ही जोखीम वाढते. आपल्याकडच्या काठीसारख्या बारीक आज्या नेमक्या याच गटात बसतात. त्यामुळे ‘ऑपरेशन छोटं आहे, आजींना झेपेल’ हे दरवेळी खरे नसते. आणि गरज पडल्यास छाती उघडू शकणारी शल्यचिकित्सकांची तुकडी त्याच रुग्णालयात आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

नॅनोस्टिमची गोष्टही विसरण्याजोगी नाही. जगातला हा पहिला लीडलेस पेसमेकर युरोपात २०१३ मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये बॅटरी अचानक बंद पडण्याच्या घटनांमुळे तो बसवणे थांबवावे लागले. तोवर जगभरात १,४०० हून अधिक रुग्णांच्या हृदयात तो होता. सुरुवातीच्या चाचण्यांत न दिसलेला दोष तीन वर्षांनी दिसला. आजची यंत्रे त्याहून सुधारित आहेत, पण १५ किंवा २० वर्षे हृदयात राहिल्यावर ती कशी वागतात, हे पाहायला अजून कोणाकडेच तेवढी वर्षे जमा झालेली नाहीत.

मग कोणाला?

साधा लीडलेस पेसमेकर फक्त खालच्या उजव्या कप्प्याला चालना देतो. त्यामुळे तो चपखल बसतो तो ज्यांच्या वरच्या कप्प्यांची लय कायमची बिघडलेली आहे, म्हणजे कायमस्वरूपी ‘एएफ’ आहे, आणि नाडीही मंद आहे अशांना. त्यांच्या वरच्या कप्प्यांशी ताळमेळ साधण्याचा प्रश्नच नसतो.

त्याहून मोठी गरज आहे ती ज्यांच्या शिरा आता उपलब्ध नाहीत त्यांची. डायलिसिसवरील रुग्णांच्या हाताच्या आणि छातीच्या शिरा जपून ठेवाव्या लागतात, तारांनी त्या बंद पडणे त्यांना परवडत नाही. वारंवार सुया टोचल्याने संसर्गाचा धोकाही जास्त असतो. ज्यांचा आधीचा पेसमेकर संसर्गामुळे काढावा लागला किंवा ज्यांच्या छातीकडील शिरा बंद झाल्या आहेत, त्यांच्यासाठी लीडलेसला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

वरचा कप्पा व्यवस्थित चालू आहे आणि फक्त मधली वाट बंद आहे, अशा रुग्णाचे काय? त्याला वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ साधणारे यंत्र हवे. मायक्राची २०२० मध्ये मंजूर झालेली ‘एव्ही’ आवृत्ती वरच्या कप्प्याची हालचाल आतूनच ओळखून खालचा ठोका जुळवते. पण नाडी जलद झाली की तिचा मेळ सुटू लागतो, आणि वरच्या कप्प्याला ती स्वतः चालना देऊ शकत नाही. मूळ पुंजकाच थकला असेल तर ती पुरेशी नाही. एव्हिरच्या दुहेरी प्रणालीत वर एक आणि खाली एक अशी दोन यंत्रे बसतात आणि प्रत्येक ठोक्याला रक्त व स्नायूंतून एकमेकांना संकेत देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात ९८ टक्के जणांत ती यशस्वीपणे बसली, पण तीन महिन्यांत जवळपास दहापैकी एकाला गुंतागुंत झाली. तंत्र विलक्षण आहे, खर्च मात्र दोन यंत्रांचा आहे.

आणि इथेच पुतण्याच्या व्हिडीओत नसलेली गोष्ट येते. जुन्या, तारेच्या पेसमेकरमध्येही या काळात मोठी सुधारणा झाली आहे. हृदयाच्या स्वतःच्या विजेच्या वाटेलाच तार जोडण्याचे तंत्र, ‘कंडक्शन सिस्टिम पेसिंग’, भारतातही वापरात आले आहे. ज्यांना जवळपास प्रत्येक ठोक्यासाठी यंत्र लागणार आहे, त्यांच्या हृदयाचा स्नायू पुढे दुबळा होऊ नये म्हणून ते उपयोगी ठरू शकते. आजच्या लीडलेसला हे करता येत नाही. चाळिशीतल्या, पुढे तीन-चार दशके पेसमेकर लागणार असलेल्या रुग्णाने तर आणखी एक प्रश्न विचारावा : बॅटरी संपल्यावर काय? मायक्रा काही वर्षांत स्नायूच्या आवरणाखाली जातो आणि तो काढणे अवघड होते. सहसा तो बंद करून शेजारी नवा बसवतात. एव्हिर परत काढता यावा अशी त्याची रचना आहे, पण दशकानंतर ते किती सोपे असेल हे अजून पुरेसे दिसलेले नाही.

पैशाचे गणित

लीडलेस यंत्राची किंमत साध्या पेसमेकरच्या कित्येक पट आहे, आणि त्यावर नळी, कॅथलॅब व रुग्णालयाचा खर्च वेगळा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांवर. पेसमेकरला तशी कमाल किंमत ठरलेली नाही. साधे पेसमेकर भारतात बनतात, मध्य प्रदेशात पिथमपूरला त्यांचा कारखाना आहे. लीडलेस मात्र बाहेरून येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण दीड लाखांवरून ५ लाखांवर नेण्यात आले आहे. पण ५ लाख ही कुटुंबाची एकूण मर्यादा. प्रत्येक उपचाराच्या पॅकेजचा दर ठरलेला असतो. त्या दरात कोणते यंत्र बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. खासगी विमा असेल तर यंत्राच्या किमतीवर वेगळी मर्यादा आहे का, हे लेखी मागावे.

खरा धोका वेगळाच असतो. पूर्ण हार्ट ब्लॉक असलेला रुग्ण, नाडी पस्तीस, दोनदा शुद्ध हरपलेली. आणि कुटुंब ‘चांगला’ पेसमेकर बसवायचा म्हणून आठवडाभर पैसे जमवते, दागिने मोडते, कर्ज काढते. अशा रुग्णाला आज बसलेला साधा पेसमेकर पुढच्या महिन्यातल्या लीडलेसपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. साधा यंत्रप्रकार निवडणे म्हणजे बापावर कमी प्रेम करणे नव्हे, हे कुणीतरी मुलांना स्पष्ट सांगायला हवे. ते काम डॉक्टरांचे आहे, आणि अनेकदा ते होत नाही. सरकारी योजनांनीही सर्वांना किंवा कोणालाच नाही, या टोकांऐवजी डायलिसिसवरील, संसर्ग झालेल्या आणि शिरा बंद झालेल्या रुग्णांसाठी लीडलेसचे स्वतंत्र पॅकेज ठेवायला हवे. हा गट छोटा आहे आणि त्यांच्यापुढे दुसरा सोपा पर्याय नाही.

मोबाइल, मांडव आणि शेवटचा प्रवास

पेसमेकर असलेल्याने मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नये, ६ इंचांचे अंतर राखावे, हा सल्ला तारेच्या पेसमेकरसाठी आहे. चुंबक जवळ आला की ते यंत्र ठरावीक गतीवर जाते. चुंबकीय चार्जर असलेल्या नव्या फोनमुळे तो अधिक महत्त्वाचा झाला. गणेशोत्सवात मांडवातल्या मोठ्या स्पीकरला टेकून उभे राहू नये, तेही याच कारणाने. आवाजाने पेसमेकर बंद पडत नाही, स्पीकरमधला चुंबक त्रासदायक ठरू शकतो. मायक्रामध्ये चुंबक ओळखणारा भागच नाही. सोयीचे वाटते, पण दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ चुंबक ठेवून पेसमेकर सुरक्षित गतीवर आणतात, ते मायक्राला लागू होत नाही. म्हणून यंत्राचे ओळखपत्र पाकिटात हवेच. एमआरआय मायक्रा, एव्हिर आणि आजच्या अनेक तारेच्या पेसमेकरमध्येही ठरलेल्या अटींवर करता येतो.

एक विषय घरात कोणी काढत नाही. पेसमेकरची बॅटरी दाहिनीत फुटू शकते. २००२ मध्ये ब्रिटनमधील दाहिन्यांच्या पाहणीत जवळपास निम्म्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी असे स्फोट अनुभवल्याचे सांगितले होते. तारेचा पेसमेकर मृत्यूनंतर छोटा छेद देऊन काढता येतो. वैकुंठात विद्युत किंवा गॅस दाहिनीत नेण्यापूर्वी ते रुग्णालयातच करून घेणे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगणे आवश्यक असते. असे काढलेले पेसमेकर पुन्हा वापरण्याचा प्रयोग मुंबईतच झाला आहे. अमेरिकेतील अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी दिलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवण्यात आले. २०१२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संसर्ग किंवा यंत्र बिघडण्याची घटना नोंदली गेली नाही. लीडलेस यंत्र हृदयाच्या आत असल्याने असे सहज काढता येत नाही. त्याची बॅटरी खूपच छोटी असली तरी अंत्यविधीआधी ते आत असल्याचे डॉक्टरांना आणि दाहिनीवरच्या माणसाला सांगावे लागते. ओळखपत्र कुठे ठेवले आहे, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक हवे.